दुकानाची घडी

"वहिनी, राग मानू नका, पण बाबांच्या सदऱ्याला वास येतोय."

हे वाक्य माझ्या नणंदेनं माझ्याच घरात, माझ्याच खुर्चीत बसून, मी केलेला चहा पिता पिता म्हटलं. आणि म्हणे राग मानू नका! दुसऱ्याच्या पायावर दगड टाकायचा आणि वर म्हणायचं, लागून घेऊ नका. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

वास कसला, तर कुबट. ओलं फडकं दोन दिवस बादलीत विसरलं की येतो तसला. आणि हे ऐकवते कुणाला? मला! एकोणीस वर्षं मी इस्पितळाच्या धुलाई विभागात काम करते. त्यातली सात वर्षं मुकादम आहे. रोज सहाशे चादरी, अभ्रे, डॉक्टरांचे कोट, रोग्यांचे सदरे माझ्या डोळ्यांखालून जातात आणि माझ्या नाकाखालून गेल्याशिवाय एक अभ्राही वॉर्डात चढत नाही. आमच्या खात्यात एक म्हण आहे, बाहेर कुणाला माहीत नसेल: गरम कपडा खोटं बोलतो. मशीनमधून नुकता निघालेला, इस्त्री फिरलेला कपडा छानच वाटतो. तो आधी गार होऊ द्यायचा. मग दोन तळव्यांत दाबायचा, त्यावर तोंडाची वाफ सोडायची आणि मग हुंगायचा. कुबटपणा असला तर तिथंच सापडतो. नवीन बाई कामावर आली की पहिल्या दिवशी मी हेच शिकवते.

मी म्हटलं, "ताई, तुम्हाला सर्दी झाली असेल."

"सर्दीत वास येत नाही, वहिनी. मला येतोय."

बाबा म्हणजे माझे सासरे. ते समोरच दिवाणावर बसले होते. अठ्ठ्याहत्तर वर्षांचा माणूस, अंगावर मीच धुतलेला पांढरा सदरा. लेक उठली, बापाच्या खांद्याला नाक लावलं, नाक मुरडलं आणि थेट आतल्या खोलीत जाऊन बाबांचं कपाट उघडलं. दुसऱ्याच्या घरातलं कपाट असं धाडकन उघडायला छाती लागते. तिथं तिनं दोन-तीन सदरे हुंगले, कपाट लावलं आणि बाहेर आली.

"दिवसभर लोकांचं धुता, घरच्यांकडे बघायला वेळ कुठून मिळणार? दिव्याखाली अंधार म्हणतात ते हेच. मी पुढच्या रविवारी येते. तेव्हाही असाच वास असला तर बाबांना मी माझ्याकडे नेणार. कायमचं. माझा बाप असल्या कपड्यांत मी ठेवणार नाही."

मी आमच्या ह्यांच्याकडे बघितलं. म्हटलं, बहीण यांची, बाप यांचा, बायको यांची. एखादा शब्द तरी बोलतील. पण आमचे हे म्हणजे मिठाची गुळणी. एवढंच म्हणाले, "असेल काहीतरी." आणि पेपर उलटला.

बाबा नुसते हसले. "अगं, म्हातारपणाला वास यायचाच," म्हणाले. मला तेव्हा त्यांचाही राग आला. मी इथे भांडायला कंबर कसून उभी आणि हे हसतायत.

आता हा माणूस मला कोण आहे ते सांगते, म्हणजे माझा जीव का खालीवर झाला ते कळेल. मी ही नोकरी धरली तेव्हा सगळ्या सासरनं नाकानं कांदे सोलले होते. आजाऱ्यांचं घाणेरडं धुणार? आणि त्याच हातांनी घरात स्वयंपाक करणार? बाबा तेव्हा कापडाच्या मोठ्या दुकानात माल दाखवायचं काम करायचे. चाळीस वर्षं केलं त्यांनी ते. ताग्यामागून तागा उलगडायचा, गिऱ्हाईक नुसतं बघून गेलं की पुन्हा घडी घालून फळीवर ठेवायचा, आणि तोंड हसतं ठेवायचं. ते सगळ्यांसमोर म्हणाले, "मी लोकांना कापड विकतो, ती लोकांचं कापड धुणार. धंदा एकच आहे." विषय संपला. आणि तेव्हापासून आजपर्यंत मी कामावरून आले की ओट्यावर चहाचा कप बशीनं झाकून ठेवलेला असतो. सख्ख्या आईनं कधी माझ्यासाठी चहा झाकून ठेवला नाही. तिकडे लेकीकडे त्यांचे हाल होतील असं मी म्हणणार नाही. ती बापाला जपेल, औषधं वेळेवर देईल, खोटं कशाला बोलू? पण तो झाकलेला कप गेला तर मी घरी यायचं कशासाठी?

ती गेल्यावर मी दार लावून घेतलं आणि बाबांचा एक सदरा काढला. तळव्यांत दाबला, वाफ सोडली, हुंगला.

वास होता.

मला लाज वाटली आणि लाज वाटली की मला राग येतो, माझा स्वभावच तसा आहे. आधी ह्यांच्यावर काढला. "तुम्हीच ओले टॉवेल कुठेही टाकता!" मग भिंतीवर. कपाटाच्या मागच्या भिंतीला ओल असेल म्हणून एकटीनं कपाट ओढलं, पाठ धरली, भिंत कोरडी ठणठणीत. मग मशीनवर. मशीनच्या दाराचं रबर उलटं करून बघितलं, त्यात थोडा काळा चिकटा होता. सापडला चोर, म्हटलं. जुन्या दातांच्या ब्रशनं घासून काढला. खालची जाळी उघडली, त्यातून एक बटण, एक हेअरपिन आणि गाळ निघाला. रिकामं मशीन कडक गरम पाण्यावर व्हिनेगर घालून फिरवलं, मग पुन्हा सोडा घालून फिरवलं.

सोमवारी रजा टाकली. एकोणीस वर्षांत ताप आला तरी टाकली नव्हती. बाबांच्या कपाटातलं सगळं दोन्ही हातांनी कवळ्यात घेतलं आणि जमिनीवर ढीग केला. बाबा म्हणाले, "सगळं कशाला काढतेस? राहू दे ते खालचं, ते धुतलेलंच आहे."

"धुतलेलंच आहे म्हणूनच तर नाक कापलं गेलं माझं! बाजूला व्हा."

ते बाजूला झाले आणि गॅलरीत जाऊन उभे राहिले.

सगळा ढीग उचलून तसाच मशीनमध्ये कोंबला. साबण नेहमीपेक्षा कमी, कारण जास्त साबण धाग्यात बसतो आणि मग तोच कुजतो, हे लोकांना सांगून पटत नाही. शेवटच्या पाण्यात व्हिनेगर. सुगंधी पाणी थेंबभरसुद्धा नाही. वासावर सुगंध ओतणं म्हणजे न आंघोळ करता अत्तर लावणं. मग गच्चीवर कडक उन्हात दोन्ही बाजूंनी वाळवलं, गार होऊ दिलं, घड्या घातल्या. संध्याकाळी एकेक कपडा हुंगला. स्वच्छ! नुसता उन्हाचा वास. मी ह्यांना एक सदरा बळंबळं हुंगायला लावला. म्हणाले, "बरा आहे." बरा आहे म्हणे!

मंगळवारी ठीक. बुधवारी ठीक. गुरुवारी कामावरून आले, चहा प्यायले, सहज कपाट उघडलं आणि तोच वास माझ्या तोंडावर आला.

खरं सांगते, रडायला आलं. पण रडण्याआधी मी कपाटाला लाथ मारली आणि माझाच अंगठा सुजला. रविवारला तीन दिवस राहिले होते. कामावर बायकांवर ओरडले, ड्रायरवाल्याशी भांडले, धुवून आलेल्या कपड्यांच्या दोन गाड्या उगाचच परत धुवायला लावल्या. एक म्हातारी बाई आहे आमच्याकडे, माझ्याही आधीपासूनची. ती म्हणाली, "मुकादमबाई, घरचा राग इथे कशाला वाळत घालता?" बरोबरच होतं तिचं, म्हणून तिच्यावरही ओरडले.

शनिवारी आमचं अर्ध्या दिवसाचं काम असतं, पण मी नेहमी मागे थांबून गठ्ठे लावते आणि चारला घरी पोचते. त्या दिवशी थांबले नाही. दीडलाच घरी आले. म्हटलं, पुन्हा सगळं धुते, आज आणि उद्या सकाळी उन्हात ठेवते, मग बघू कोण येतं वास घ्यायला.

घरात शिरले. न्हाणीघरातून पाण्याचा आवाज येत होता. बाबा आंघोळीला गेले असतील, म्हणून मी सरळ त्यांच्या कपाटाशी गेले. पण या वेळी कवळा मारला नाही. लंगडत होते, वाकता येईना, म्हणून एकेक कपडा काढला. आणि तळाच्या पायजम्यांपाशी माझा हात थांबला.

घडी माझी नव्हती.

मी आडवी दुमडून चौकोनी घडी घालते, इस्पितळाची. चादर असो की रुमाल, हाताला तीच सवय. हा पायजमा लांबीत तिहेरी दुमडलेला होता, कडा पट्टीसारख्या सरळ, आणि वर काठ दिसेल असा ठेवलेला, जसा दुकानात फळीवर माल ठेवतात. त्याच्याखाली दुसरा. त्याच्याखाली तिसरा. दोन्ही तसेच. मी वरच्यात हात घातला. आत ओल होती.

हुंगला. वाफ सोडायची गरजच पडली नाही. वर अंगाच्या साबणाचा वास होता, मधे कुबट, आणि सगळ्यात खाली जो होता तो मी रोज सकाळी सहा वाजता, वॉर्डांतून आलेले मळके कपडे वेगळे करतात त्या छाटणीच्या टेबलावर ओळखते. तो ओळखायला मला अर्धा क्षणही लागत नाही.

न्हाणीघरात तांब्या वाजला. खंगाळल्याचा आवाज आला. मधेच थांबला, मोठा श्वास घेतल्यासारखा, पुन्हा सुरू झाला. बाबांच्या बोटांचे सांधे धरलेत, त्यांना बाटलीचं झाकणही फिरवता येत नाही. त्या हातांनी पायजमा पिळला जाणार कसा? नुसता दाबून, त्यांच्या पलंगामागच्या खिडकीच्या गजावर टाकून, मी यायच्या आत काढून, घडी घालून तळाला ठेवत असणार. म्हणून मशीन स्वच्छ, भिंत कोरडी आणि तरी वास. सोमवारी मी ढिगाची छाटणी केली असती तर तिथंच कळलं असतं. कामावर छाटणी केल्याशिवाय मशीनचं दार उघडू देत नाही मी कुणाला.

माझी मूठ दारावर आपटायला वर गेली होती. "बाबा! हे काय चाललंय? मला सांगता येत नाही?" असं ओरडायचं होतं. तेवढ्यात मला ते जेवण आठवलं.

दोन-अडीच महिने झाले असतील. जेवताना मी कामावरच्या गमती सांगते, माझी सवय आहे. त्या दिवशी चौदा नंबरच्या खाटेवरच्या आजोबांची सांगितली. दिवसातून तीन वेळा चादर ओली करतात आणि नर्सला सांगतात, चहा सांडला. मी उठून उभी राहिले, पाठ वाकवली, हात थरथरवले आणि त्यांचा आवाज काढला, "चहा सांडला हो बाई, चहा!" आमचे हे, जे कधी हसत नाहीत, ते ठसका लागेपर्यंत हसले. बाबाही हसले. आणि मी शेवटी काय म्हटलं? "माझ्या घरी कुणी असं केलं असतं ना, तर चादरीसकट दोरीवर टांगलं असतं!"

बाबांनी त्या दिवशी भात अर्धा टाकला होता. पोट भरलं म्हणाले.

जिभेला हाड नसतं म्हणतात. माझ्या जिभेला हाड नाही, लगाम नाही, काहीच नाही. एवढी वर्षं मी सगळ्या जगावर चिडत आले, पण स्वतःचा इतका राग मला कधी आला नव्हता. असं वाटलं, स्वतःच्या थोबाडीत द्यावी. मी पायजमे होते तसे ठेवले, कडेला कड लावून. चप्पल हातात घेतली, दार न वाजवता बाहेर पडले आणि चारपर्यंत खालच्या बाकावर बसून राहिले. मग जिन्यात मुद्दाम खोकत, किल्ल्या वाजवत वर आले.

ओट्यावर चहा झाकून ठेवला होता.

बोलायचं कसं? "बाबा, मला कळलंय," म्हटलं तर तो माणूस माझ्या तोंडाकडे पुन्हा बघणार नाही. न बोलावं तर उद्या लेक येऊन घेऊन जाणार. त्या संध्याकाळी मी एक अक्षर बोलले नाही. ह्यांनी दोनदा विचारलं, "बरं नाही का?" म्हणजे बघा, मी गप्प बसले की घरात लोकांना आजारपण वाटतं.

रविवारी अकरा वाजता ताई आल्या. हातात रिकामी बॅग. आधीच ठरवून आल्या होत्या तर! चहासुद्धा नको म्हणाल्या, सरळ आत. आम्ही तिघं मागून गेलो. त्यांनी कपाट उघडलं, नाक उडवलं, वरचे सदरे बाजूला केले आणि नेमका तळाचा पायजमा ओढला. तो उलगडला. मधे ओलीचा डाग, कडेला करडे ठिपके पडायला लागलेले.

"वहिनी, हे काय? हा ओला आहे!"

मला एकच वाक्य बोलायचं होतं. 'मला काय विचारता, तुमच्या वडिलांना विचारा.' एवढं म्हटलं असतं की माझं नाक वर आणि हिची मान खाली. जिभेवर आलं होतं, खोटं नाही सांगत. मी बाबांकडे बघितलं. ते दाराच्या चौकटीला धरून उभे होते आणि स्वतःच्या पायांकडे बघत होते. अगदी लहान पोर बघतं तसे.

"मीच ठेवला," मी म्हटलं. "घाई होती. ओलाच घडी केला."

"ओला कपडा? तुम्ही?"

"हो, मी! ओला! माझंच चुकलं. अजून किती वेळा ऐकायचंय?"

एकोणीस वर्षांत मी ओल्या रुमालाची घडी केलेली नाही. आमच्या खात्यात ओला कपडा घडी करणाऱ्या बाईला मी दारात उभी करते. हे ताईंना माहीत नव्हतं, पण आमच्या ह्यांना माहीत होतं. त्यांचं तोंड उघडं राहिलं. आणि बाबांना तर माहीत होतंच. त्यांनी मान वर केली आणि माझ्याकडे बघितलं. मग बघतच राहिले.

"कबूल केलंत ते बरं झालं," ताई म्हणाल्या. आवाज मऊ झाला होता, त्यांना जिंकायची तेवढी हौस नव्हती, हे मला दिसलं आणि म्हणून जास्तच राग आला. "मी भांडायला नाही आले, वहिनी. तुम्हाला नाही जमत, एवढंच. बाबा, काय काय घ्यायचं ते दाखवा."

बाबा वळले आणि पलंगाच्या मागे गेले. मला वाटलं, चष्म्याची डबी घेत असतील, निघायची तयारी. ते खाली वाकले, बराच वेळ वाकून होते, आणि वर आले तेव्हा त्यांच्या हातात ओल्या पायजम्याचा बोळा होता. त्यातून पाणी ठिबकत होतं. ते लेकीच्या शेजारून गेले, माझ्यासमोर उभे राहिले आणि तो बोळा माझ्या हातात दिला.

"सूनबाई, हा धुवायचा राहिलाय," म्हणाले. मग लेकीकडे वळून, "ओले मीच ठेवतो. मला आवरत नाही हल्ली. हिला ठाऊक नव्हतं."

ताईंचा हात बॅगेच्या पट्ट्यावर होता तिथंच राहिला.

आणि मी? मी काय करणार, मी ओरडले. आदल्या दिवसापासून दाबून ठेवलेलं सगळं एकदम बाहेर आलं.

"हे धुणं झालं? हे? साबण तसाच आहे यात! अंगाचा साबण घासलात ना? आणि गरम पाण्यात बुडवलात, डाग पक्का केलात! आधी गार पाणी, मग गरम, एवढं कळत नाही? एकोणीस वर्षं मुकादम बाईच्या घरात— बरं, बारा वर्षं धुणाऱ्या आणि सात वर्षं मुकादम बाईच्या घरात राहताय! बोटं बघा तुमची, सुजलीत! मला द्यायचा! रोज द्यायचा! दहा असले तर दहा द्यायचे! मी सहाशे धुते, तुमचे तीन मला जड झाले असते?"

बाबा ऐकून घेत होते. मी श्वास घ्यायला थांबले तेव्हा म्हणाले, "नक्कल मात्र तू हुबेहूब केली होतीस."

चिडून नाही म्हणाले. दुकानात एखाद्या चांगल्या कापडाला दाद द्यावी तसे म्हणाले. मी हातातला बोळा पिळायला लागले.

"कसली नक्कल?" ताईंनी विचारलं.

"काही नाही," आम्ही दोघं एकदमच म्हणालो.

मी न्हाणीघरात गेले, बादली नळाखाली ठेवली आणि गार पाणी सोडलं. मागून ताई आल्या, बाही वर करत. मी म्हटलं, "तुम्ही राहू द्या, तुम्हाला जमायचं नाही." तरी उभ्या राहिल्या. मग मी बाजूला सरकून त्यांना जागा दिली.